मुंग्यांचा डबा

जतनबाईला उभ्या आयुष्यात हेवा वाटला तो एकाच माणसाचा. पण तो इतका मनापासून वाटला की वाटायला काढला असता तर साऱ्या गल्लीला पुरून उरला असता. ते माणूस म्हणजे तिची धाकटी जाऊ, राजमती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची. वाशीम तेव्हा अकोल्याचा एक तालुका होता. बाजारापासून जवळच्या जैनांच्या गल्लीत चंपालालचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे घर. चंपालाल म्हणजे जतनबाईचा नवरा. दुकान तो आणि त्याचा धाकटा भाऊ इंदरचंद असे दोघं मिळून बघत, आणि घर बघे जतनबाई. बघे कसलं, ओढी. सकाळी पाणी गाळण्यापासून ते दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उचलण्यापर्यंत तिचा हात थांबत नसे. तीन पिढ्या वाशिमात काढल्यामुळे घरातली मारवाडी आता लग्नपत्रिकेपुरती उरली होती. बोलणं, रुसणं, भांडणं सगळं वऱ्हाडीत चाले.

घराचा खरा मालक मात्र चंपालाल नव्हता. ती होती त्याची आई, भंवरीबाई. बाई न्यायाची होती, पण तोंडाची कोरडी. कुणाला चांगलं म्हणायचं म्हणजे पदरचं काही जातं अशी तिची समजूत असावी. जतनबाई कोवळ्या वयात या घरात आली, तेव्हापासून ती एका वाक्याची वाट बघत होती. 'बरं केलं व थोरले,' एवढंच. दाळ चांगली झाली तर भंवरीबाई दाळ गुपचूप खाई, आणि बिघडली तर मात्र तिला वाचा फुटे.

तरी एक गोष्ट भंवरीबाईनं जतनबाईला दिली होती, ती म्हणजे मुंग्यांचा डबा.

जैनांच्या घरोघरी मुंग्यांना पीठ-साखर घालायची रीत असते. मुक्या जिवाला अन्न, तेवढंच पुण्य. भंवरीबाईनं माहेराहून आणलेला पितळेचा डबा होता. कणीक खमंग भाजून, साखर कालवून त्यात भरायची. डबा रात्रभर तिच्या खाटेखाली ठेवायचा, म्हणजे ती त्यावर नवकार मंत्र म्हणे, आणि सकाळी पद्मतीर्थ तळ्याच्या वाटेवरच्या लिंबाखाली मुंग्यांच्या बिळांशी चिमूट चिमूट सोडायचं. कित्येक वर्षं ती स्वतः जाई. मग पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली, आणि एका सकाळी तिनं जतनबाईला हाक मारली.

"थोरले, आजपासून हे तू पाह्य."

बस, एवढंच. पण त्या दिवशी जतनबाई गल्लीतून निघाली ती डबा छातीशी धरून, आणि जरा सावकाशच निघाली. सगळ्या दारांनी पाहायला हवं होतं ना. तिजोरीच्या किल्ल्या सुनेला द्याव्याच लागतात, म्हातारपण कुणाला चुकलंय? पण डबा काही द्यावा लागत नाही. तो मनात असलं तरच देतात, असं जतनबाईनं ठरवून टाकलं होतं.

जखम भरेना म्हणून डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं लघवी तपासली आणि सांगितलं, मधुमेह आहे, साखर बंद, गूळ बंद. भंवरीबाईला हे झोंबलं. कालचा पोरगा आपल्याला काय खायचं ते सांगणार? ती तशीच लंगडत जैन स्थानकात गेली आणि साध्वीजींसमोर हात जोडून तिनं साखर-गुळाचा जन्मभराचा त्याग केला. डॉक्टर सांगतो म्हणून नाही, आपण होऊन. सगळ्या गल्लीनं हात जोडले. या वयात एवढा नियम, तपस्वी बाई हो!

तपस्वी बाई घरी आली आणि तिनं घराला सळो की पळो करून सोडलं. जन्मभर गोड खाल्लेली जीभ, तिला बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षाच. चहा कडू म्हणून सून कडू, सून कडू म्हणून मुलगा कडू. जतनबाईनं काय काय करून पाहिलं. चहात ज्येष्ठमध उकळलं. भंवरीबाईनं पहिला घोट परत कपात सोडला.

"हा चहा होय का काढा? मले खोकला झाला का?"

तिकडे जखम भरत नव्हतीच. पट्टी बदलायचं काम जतनबाईचं. दर वेळी डॉक्टर विचारी, "साखर बंद आहे ना?" आणि चंपालाल छाती काढून सांगे, "बंद म्हनजे? नियम हाये तिचा!" डॉक्टर मान हलवी. असंच चाललं तर अकोल्याला नेऊन अंगठा काढावा लागेल, असं तो एकदा बोलून गेला. ते जतनबाईच्या काळजात रुतून बसलं.

अशा दिवसांत राजमती माहेरी अकोल्याला गेली आणि येताना एक बुटकी बाटली घेऊन आली.

राजमतीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मॅट्रिक झालेली, बोलायला नीट, दिसायला त्याहून नीट. तिचा भाऊ अकोल्यात एका दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं बहिणीबरोबर सॅकरीनच्या गोळ्या पाठवल्या होत्या. राईपेक्षा जरा मोठी पांढरी गोळी. राजमतीनं ती सासूच्या कपात टाकली. गोळी जराशी फसफसली आणि दिसेनाशी झाली.

भंवरीबाईनं घोट घेतला आणि डोळे मिटले.

"गोड हाये व," ती म्हणाली. मग एकदम डोळे उघडून, "माय, माह्या नियमाचं काय?"

"नियम नाही मोडत, माँजी," राजमती म्हणाली. "हे साखर नव्हेच. हे उसातून नाही, डांबरातून काढतात."

"डांबरातून? रस्त्यावरच्या?"

"कोळशाच्या डांबरातून. त्यात नत्र, गंधक असं काय काय येते म्हने भाऊ. पन साखरेचा कनही नाही. साखरेपेक्षा शेकडो पट गोड, म्हनून एवढीशी पुरते. सोडावाले, कुल्फीवाले हेच टाकतात साखर परवडत नाही तं. अन् डॉक्टर मधुमेहवाल्याले हेच देतात."

भंवरीबाई हसली. ती हसते हे जतनबाई विसरूनच गेली होती.

"डांबरातून गोड काढलं मानसानं! मागून जराशी कडवट लागते, पन चालते. देव तुह्यं भलं करो धाकले. बरं केलं तुनं."

जतनबाई दारात उभी होती. हातात भेंडी चिरायची विळी होती म्हणून बरं, नाहीतर ती तिथेच मटकन बसली असती. ज्या दोन शब्दांसाठी तिनं हाडाची काडं केली, ते या पोरीनं राईएवढ्या गोळीवर मिळवले होते. आयत्या बिळावर नागोबा! तिच्या पोटात असा जाळ उठला की त्या दिवशी तिला स्वतःलाच जेवण गेलं नाही.

मग ते रोजचंच झालं. चहाची वेळ झाली की खाटेवरून हाक येई, "राजमतीऽ!" सुंठ कुटे जतनबाई, दूध तापवे जतनबाई, चहा उकळून गाळे जतनबाई. गोळी तेवढी टाकी राजमती. सगळा चहा थोरलीचा आणि गोडी तेवढी धाकटीची! वर राजमती खाटेशी बसून सासूचा हात हातात घेई, अकोल्याच्या गोष्टी सांगे, आणि दोघी खुदुखुदु हसत. जतनबाई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटी. कुणाचंच लक्ष जात नसे.

त्यातच अक्षय्य तृतीया जवळ आली. एका संध्याकाळी जतनबाई डबा भरून खाटेखाली सरकवत होती, तेव्हा भंवरीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "थोरले, आखातीजेपासून डबा धाकलीकडं देऊ म्हंते."

"काहून? माह्या हातून काय चुकलं?"

"चुकलं नाही काही. तिच्याकडं राहू दे."

एवढं बोलून तिनं कूस बदलली. जतनबाई वाकलेली होती तशीच राहिली. चहा गेला, हसणं गेलं, आता डबाही चालला. त्या घरात तिचं म्हणावं असं एवढं एकच होतं, आणि तेही काही कारण न सांगता काढून घेतलं जात होतं.

माणूस हेव्यानं वेडा होतो म्हणतात ते अर्धंच खरं. हेव्यानं माणूस हुशारही होतो, आणि जास्त घोटाळा त्या हुशारीनंच होतो. जतनबाईनं विचार केला, राजमतीची सगळी किंमत कशात आहे? बाटलीत. बाटली रिकामी झाली की चहा कडू, चहा कडू झाला की राजमती कडू. आता गोळ्या संपवायच्या कशा? मोरीत ओतायच्या तर ते आजाऱ्याचं औषध, पाप लागेल. लपवायच्या तर कुणी विचारल्यावर खोटं बोलावं लागेल, तेही पाप. जतनबाई धर्माला फार भिणारी. वाईट काम करायचं, पण पाप लागू द्यायचं नाही, अशी तिची अडचण होती.

आणि तिला सुचलं. मुंग्या!

साखर तशीही रेशनची, मोजकी. गोळ्या साखरेपेक्षा शेकडो पट गोड, हे खुद्द राजमतीचंच बोलणं. मुंग्यांच्या पिठात साखरेऐवजी गोळ्या घातल्या तर मुंग्यांना मेजवानी, घरची साखर शिल्लक, आणि बाटली रिकामी. औषध वाया गेलं असंही नाही, मुक्या जिवांच्या मुखी लागलं. पाप तर नाहीच, उलट पुण्य!

दुपारी राजमती व्याख्यानाला स्थानकात गेली होती. जतनबाईनं कोनाड्यातली बाटली काढली, होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या खलात घालून कुटल्या आणि भाजलेल्या कणकेत कालवल्या. चव पाहायचा प्रश्नच नव्हता, दानाचं अन्न उष्टं करत नाहीत. डबा नेहमीच्या जागी खाटेखाली ठेवला आणि रिकामी बाटली कोनाड्यात.

संध्याकाळच्या चहाला राजमतीनं बाटली उलटी केली. "जीजी, गोळ्या कुठं गेल्या व?"

"मुंग्यांनी नेल्या असतीन," जतनबाई म्हणाली. तिच्या लेखी हे खोटंही नव्हतं.

राजमतीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. भंवरीबाई बिनगोडीचा कडू चहा कसाबसा प्याली. जतनबाईला वाटलं होतं बार उडेल, राजमतीला दोन शब्द ऐकावे लागतील. तसं काहीच झालं नाही. सासूनं कप ठेवला आणि ती म्हणाली, "भावाले निरोप धाडजो धाकले, अजून पाठव म्हनाव." आणि राजमतीच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणजे गोळ्या गेल्या तरी राजमती होतीच! जतनबाईचा जाळ विझण्याऐवजी आणखीच पेटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घ्यायला गेली तर भंवरीबाईचं तोंड काढा प्यायल्यासारखं झालेलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. जतनबाई तडक लिंबाखाली गेली. मोठ्या मनानं, रोज चिमूट चिमूट सोडी तिथे आज मूठ मूठ सोडली. काळ्या मुंग्या नेहमीसारख्या लगबगीनं आल्या, पिठाशी थांबल्या, मिशा हलवल्या, आणि वळून चालू लागल्या.

जतनबाई बघतच राहिली. दुसरी रांग आली, तीही वळली. दूध घालायला येणारी गोमतीबाई केटली घेऊन तिथूनच चालली होती. ती थबकली.

"काय व जतनबाई, आज मुंग्यायचा उपास हाये का?"

"पोट भरलं असंन त्यायचं."

"मुंगीचं पोट कधी भरलं व बाप्पा? तुमच्या हाताचं नको झालं असंन त्यायले," गोमतीबाई हसत हसत म्हणाली आणि निघून गेली. ती गंमत करत होती, पण चोराच्या मनात चांदणं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. कालचं पीठ होतं तसंच पडलेलं, आणि बिळांशी एक मुंगी नाही. जतनबाई पदर खोचून जमिनीवर बसली, गवत बाजूला करून पाहिलं, बिळाशी कान लावला. कुठे वळवळ नाही. आणि मग तिच्या मनात आलं ते असं आलं की तिला घेरीच आली. मेल्या. डांबराचं औषध, आणि आपण मूठ मूठ घातलं. घरचं पाणी आपण तीन पदरी कापडानं गाळतो एखादा जीव जाऊ नये म्हणून, आणि इथे अख्खी वसाहत मारली. तीही जाऊबाईच्या हेव्यापायी! हे पाप कोणत्या जन्मात फिटणार होतं?

विचारायचं कुणाला? त्या गोळीची माहिती साऱ्या घरात एकीलाच होती. दैवही कधी कधी असं घोळात घेतं की शत्रूच्याच दारी हात पसरावा लागतो.

राजमती गच्चीवर मुगाचे पापड वाळत घालत होती. जतनबाई काही कारण नसताना चार पापड सारखे करत राहिली. शेवटी म्हणाली, "काय व, त्या गोळीनं जीव मरते का?"

"कोनाचा जीव?"

"असाच. लहानसा. समज, मुंगीचा."

राजमतीचे हात थांबले. "मरत नाही. पन मुंगी ते खातच नाही. भावाच्या दवाखान्यात साखर सांडली की मुंग्यांची रांग लागते, सॅकरीन सांडलं तं एक येत नाही. त्यात बळच नसते ना, जीजी. जसं पोटात जाते तसं बाहेर येते. मानसाच्या जिभेले तेवढं फसवते, अन् जास्त झालं तं तिलेही कडूच लागते."

"मंग गेल्या कुठं त्या?"

"जिथं खरी साखर असंन तिथं गेल्या असतीन. पद्मतीर्थाजवळ रसवंती लागली हाये, तिथं चिपाडाले काळ्याभोर लागल्या हायेत, कालच पाह्यलं म्या."

जतनबाईचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो फार वेळ राहिला नाही, कारण राजमती उठून उभी राहिली होती.

"म्हनजे गोळ्या तुमी मुंग्यांले टाकल्या."

जतनबाईनं मान खाली घातली नाही. इतक्या महिन्यांचा जाळ तोंडावाटे बाहेर आला. "हो, टाकल्या! राईएवढी गोळी टाकून तुले आशीर्वाद, अन् मी इथं जन्म काढला तं मले काय? डबा होता तोही तुलेच. होय, जळतो माहा जीव. काय करशीन?"

राजमती काही संत नव्हती. तिचाही चेहरा लाल झाला. "मी माँजीले सांगते."

"तू कायले सांगतं? मीच सांगते!"

आणि पापड तसेच टाकून ती खाली निघाली. दुसरीनं चुगली करण्याआधी आपण सांगितलेलं बरं, एवढं शहाणपण तिला होतं. डबा काखेत घेऊन ती सासूच्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"माँजी, मुंग्यांनी पीठ खाल्लं नाही."

"कसं खातीन?" भंवरीबाई फणकाऱ्यानं म्हणाली. "कडू जहर करून ठेवलं होतं ते!"

जतनबाईनं काखेतला डबा खाली ठेवला.

"तुमाले कसं मालूम, माँजी?"

भंवरीबाईचा हात आपोआप ओठांकडे गेला आणि तिथेच राहिला. जतनबाईची नजर खाली गेली. खाटेच्या पायावरून लाल मुंग्यांची बारीक रांग वर चढत होती, ती थेट उशीपर्यंत. तिनं उशी उचलली. खाली फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती, मागच्या दिवसांत डब्यातून काढलेल्या पीठ-साखरेची.

डबा संध्याकाळी काठोकाठ भरला तरी सकाळी दोन बोटं रिकामा असे. जतनबाई रोज पाही आणि म्हणे, खाटेखाली मुंग्या फार झाल्या आहेत. जखम का भरत नव्हती, तेही आता डॉक्टरला विचारायची गरज नव्हती. साऱ्या गल्लीनं हात जोडलेली तपस्वी बाई मुंग्यांच्या ताटातलं चोरून खात होती.

भंवरीबाईनं तिचा हात धरला. एवढी करडी बाई, पण आता तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला.

"थोरले, कोनाले सांगू नको. नियम मोडला म्या. राहवतच नाही व. गोळीनं जिभेले बरं वाटते, पन मन भरत नाही." मग आणखी हळू, "उद्या डब्यात साखरच घालजो. तू अन् मी, तिसऱ्याले नाही समजनार. आखातीज-बिखातीज काही नाही, डबा तुह्याकडंच राहीन. धाकलीले काय समजते? घरची तं तूच होय."

जतनबाईला पुढचं ऐकूच आलं नाही. घरची तं तूच होय! राजमती नाही, मी. धाकटीजवळ हसणं-खिदळणं, पण जिवातलं गुपित माझ्याजवळ. तिला वाटलं, आत्ता राजमतीला हाक मारावी आणि हे वाक्य सासूकडून पुन्हा म्हणवून घ्यावं. ती उठली ती तरंगतच स्वयंपाकघरात आली. कणीक भाजली. रेशनच्या साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं आणि मूठ भरली.

पण चुलीशेजारी जखम धुवायचं घमेलं पालथं घातलेलं होतं. पट्ट्या उकळून दोरीवर वाळत होत्या. रोज सकाळी त्या अंगठ्याला हात तिचाच लागत होता. कडेची कातडी काळपट होत चाललेली तिनंच पाहिली होती, डॉक्टरच्याही आधी. मूठ तशीच साखरेत राहिली. या मुठीच्या बदल्यात सासू मिळत होती. आणि सासूला नाही म्हणायचं? ते जतनबाईला जन्मात जमलं नव्हतं, उद्याही जमणार नव्हतं, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. आज ही मूठ रिकामी केली तरी उद्या सासू डोळ्यांत पाणी आणून मागणार आणि आपण देणार.

मूठ उघडून तिनं साखर परत डब्यात झाडली. मग डोळे कोरडे होईपर्यंत तिथेच बसून राहिली. आणि मग राजमतीला खाली बोलावलं.

"हा डबा घे. आजपासून तुह्याकडं."

राजमती भांडायच्या तयारीनं आली होती. ती गोंधळली. "आखातीजेले अजून वेळ हाये ना?"

"घे म्हटलं तं घे. तुह्या खोलीत ठेवजो, कुलपात. माँजीच्या खाटेखाली नाही ठेवायचा."

"काहून?"

"मुंग्या लागतात," जतनबाई म्हणाली. "नवकार म्हनायचा तं तू तुह्या खोलीतच म्हन. अन् माँजीनं मागितला तरी देऊ नको. रडल्या तरी देऊ नको. मले नाही म्हनता येत नाही, तुले येईन."

राजमतीनं डब्याकडे पाहिलं, जावेच्या डोळ्यांकडे पाहिलं. पोरगी मॅट्रिक होती, काय समजायचं ते समजली असावी. तिनं काही विचारलं नाही आणि गोळ्यांची गोष्टही पुढे कधी काढली नाही. एवढं मात्र तिला श्रेय द्यावं लागेल, आणि जतनबाईनं ते कधीच दिलं नाही.

भंवरीबाई जतनबाईशी बोलेनाशी झाली. 'कप ठेव', 'पट्टी सोड', एवढंच. राजमतीकडे तिनं डबा मागितला म्हणे, आणि राजमतीनं गोड बोलून साफ नाही म्हटलं. अकोल्याहून नवी बाटली आली. अक्षय्य तृतीया गेली, उन्हाळा सरला, आणि जखमेच्या कडा हळूहळू गुलाबी दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाला, अंगठा वाचला.

गल्लीला कारण लगेच सापडलं. लोकांना कारण हवंच असतं. गोमतीबाई दूध मोजता मोजता जतनबाईलाच सांगू लागली, "धाकल्या सुनेनं डबा हाती घेतला अन् सासूचा पाय भरून आला. हाताले गुन असते बाई एकेकाच्या! आता पाह्य, मुंग्याही कशा भरून आल्या लिंबाखाली."

"दूध बरोबर मोज," जतनबाई म्हणाली.

असं किती जणींनी सांगितलं त्याला सुमार नाही. प्रत्येक वेळी तिचा जीव तीळ तीळ तुटे. खरं काय ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण त्या दोन वाक्यांत सासूची अब्रू होती, म्हणून ती गिळून टाकायची. हेवा काही विझला नव्हता. त्याला तोंड नव्हतं, एवढंच.

पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी ती शेवटची पट्टी बांधत होती. जखम जवळजवळ भरली होती. भंवरीबाई बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होती. मग इतक्या महिन्यांनी आपण होऊन बोलली.

"डबा धाकलीले द्यायचं म्या काहून म्हटलं होतं, समजलं का तुले?"

जतनबाईनं मान वर केली नाही. "तुमचा जीव तिच्यावर, म्हनून."

"येडी होय का तू? तुह्यापाशी डबा होता तंवर माहा हात थांबत नव्हता. मले मालूम होतं, तुले नाही म्हनता येत नाही. म्हनून तिच्याकडं देऊन टाकू म्हटलं, माह्यापासून मीच वाचीन." तिनं पाय जरा पुढे सरकवला. "अन् मंग तू पुरचुंडी पाह्यली तं मीच लाचार झाले. तू साखर घालशीन असंच वाटलं होतं मले. तुले तो डबा किती प्यारा होता, ते का मले दिसत नव्हतं? तरी देल्ला तुनं."

जतनबाईचे हात पट्टीवरच थांबले.

"बरं केलं व थोरले," भंवरीबाई म्हणाली.

इतक्या वर्षांची वाट, आणि वाक्य शेवटी आलं ते असं, औषधाच्या वासात, कुणी ऐकायला नसताना. तिला सासूच्या त्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ती खरंच वाकली होती, तेवढ्यात डोक्यावरून खणखणीत हाक गेली.

"राजमतीऽ! चहा थंडा होऊन राह्यला व, गोळी आन!"

पैंजणं वाजली, राजमती हसत आत आली आणि भंवरीबाईचं तोंड फुललं.

जतनबाईनं पट्टीची गाठ मारली, आणि जरा जास्तच आवळली.